पोटाला बरा म्हणून हिंग

गवताच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. दोन्ही बाजूंनी फुगलेला एक ट्रक पुढे असला की मागच्या एसटीला रस्ताच दिसत नाही. तलासरीहून डहाणूला परतताना मी रोज अर्धा तास अशा ट्रकच्या शेपटाला असतो. खिडकीतून वाळल्या गवताची धूळ येते, आणि तिच्या मागोमाग भातकापणीचा तो कोरडा, गोडसर वास. शहरातून आलेली माणसं गाडी थांबवून या वासाचं कौतुक करतात. करोत बापडी. मला हा वास आला की रक्ताच्या रिपोर्टची फाईल आठवते, आणि पाठोपाठ लोखंडी कढईत परतलेल्या ढोबळी मिरचीचा वास. हे तिन्ही माझ्या डोक्यात एकमेकांत अडकून बसलेत. चौथं वर्ष आहे, सुटत नाहीत.

मी तलासरीच्या सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळतो. सातबारा, फेरफार, नकला. लोकांचे अर्ज वाचायचे आणि त्यांत काय राहिलंय ते शोधायचं, हे माझं काम. आजोबांचं नाव एका कागदावर लहानू आणि दुसऱ्यावर लाहनू असेल तर मला लांबूनच दिसतं. मग मी लाल शाईने लिहितो, 'त्रुटी. पूर्तता करून अर्ज पुन्हा सादर करावा.' सायवनहून, उधव्याहून दोन गाड्या बदलून आलेला माणूस तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभा राहतो आणि मग निघून जातो. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. आता वाटतं, पण शेरा मारायचा तो मारावाच लागतो.

माझी बायको शालिनी, मी तिला शालू म्हणायचो, सायवनच्या शाळेत शिकवायची. तिचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं असायचं. कुणी आमांश म्हटलं, कुणी पित्त, कुणी सांगितलं की बाई डोक्यात फार घेतात. ती हसून म्हणायची, "चाळीस पोरं डोक्यात घ्यावीच लागतात." मग वजन उतरायला लागलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, जिना चढताना ती मधेच कठड्याला टेकून उभी राहायला लागली. तेव्हा आम्ही वलसाडच्या एका डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे, गुजरातीतूनच बोलणारे. त्यांनी आतड्याची तपासणी केली, रक्त तपासलं, आणि आषाढातल्या एका दुपारी कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "बेन, घउं बंध."

गहू बंद. बस्स, एवढंच. तिच्या आतड्याला गहू चालत नव्हता. पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, सगळं बंद. जन्मभर. औषध असं काही नाही, गहू गेला की आतडं आपोआप भरून येईल. परतताना वापीला गाडीत गर्दी झाली, तिला जागा मिळाली, मी समोर उभा होतो. ती माझ्याकडे वर बघून म्हणाली, "म्हणजे तुमच्या पोळ्यांनीच मारलं की मला." पोळ्या तीच लाटायची. पण खायला मला लागायच्या. मी देशावरचा, माझं भाकरीवर भागत नसे. तिचं माहेर बोर्डीजवळचं, तिकडे तांदळाची भाकरी. लग्न झालं नसतं तर हा आजार तिला कदाचित उशिरा कळला असता, पण कमी झाला असता, असं माझ्या मनात येतं. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं.

घरातला गहू मी त्याच संध्याकाळी काढला. डबा घासला, उन्हात ठेवला, पोळपाट-लाटणं शेजारी देऊन टाकलं. चाळणीसुद्धा नवी आणली. आणि स्वयंपाक माझ्याकडे घेतला. कारण तिच्यात ताकद नव्हती, आणि दुसरं कारण असं की मला तिच्यावर भरवसा नव्हता. हे दुसरं कारण तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती मुळातच सैल. शाळेतला अर्ज खाडाखोड करून तसाच द्यायची. मी म्हटलं, हे काम कागद वाचणाऱ्या माणसाचं आहे.

आमची मुलगी ऋता बंगळूरला असते. तिने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी परदेशी बाई कामावरून येते, ओव्हरकोट काढते आणि वीस मिनिटांत रात्रीचं जेवण करते. बीफच्या पट्ट्या मोठ्या आचेवर परतते, त्यात भाज्या, वर काळा रस. गव्हाचा कण नाही. ऋताने खाली लिहिलं होतं, 'बाबा, आईला प्रोटीन हवंय. हे तुम्हालाही जमेल.' बीफ आमच्या घरात कधी शिजलेलं नाही. मी बोकडाचं मटण घ्यायचं ठरवलं. बुधवार धरला, कारण मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी आमच्याकडे चालत नाही आणि रविवारी दुकानात रांग.

सलीमभाईंना मी सांगितलं, हाड नको, बोटभर लांबीच्या पातळ पट्ट्या हव्यात. त्यांनी सुरी खाली ठेवली. "साहेब, मटणाच्या की शर्टाच्या?" मग नाइलाजाने कापून दिल्या. डहाणूत ढोबळी मिरचीला तोटा नाही, अर्ध्या तालुक्यात तीच लावतात. सोया सॉसची बाटली दुकानातच उलटी करून वाचली. गहू. वाचलं आणि जागच्या जागी परत ठेवली. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो, मला स्वतःचा फार अभिमान वाटला. घरी येऊन चिंचेचा कोळ केला, त्यात गूळ आणि काळं मीठ, दाटपणाला तांदळाचं पीठ. कढई धुरावली तसं मटण टाकलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. ऋताच्या बाईचं बीफ कधीच खाऊन झालं असतं.

शालूने पहिला घास बराच वेळ चावला. मग घास गालात ठेवून म्हणाली, "चप्पल कुणाची परतलीत?"

फार दिवसांनी हसली होती ती. मीही हसलो. आम्ही चिंचेच्या रसाशी भात खाल्ला आणि मटण बाजूला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिच्या पिशवीत एक कच्ची पपई होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जमनीबाईने दिली होती, आपल्या अंगणातली. सोबत निरोप, "साहेबांना सांगा, पपई किसून चोळा न् ठेवा तासभर. म्हातारा बोकडही ऐकतो." पुढच्या बुधवारी ऐकला. तेव्हापासून तो आमचा बुधवारचा बेत झाला. साडेसहाला मी बसमधून उतरायचो, सातला मटणाला पपई चोळायचो, सव्वाआठला ताट. सोबत जमनीबाईने धाडलेल्या नागलीच्या पिठाची भाकरी, जाड आणि कडेने फुटलेली, कारण माझ्या हाताला तेवढीच यायची.

आणि हिंग. मटण पचायला जड, म्हणून परतताना तेलात हिंग घालायचो. वरणात घालायचो. जेवणानंतरच्या ताकात घालायचो. ताटात काय असावं हे कुणाकुणाला विचारावं लागतं, पण पोट बिघडलेल्या माणसाला हिंग द्यावा हे कुणाला विचारावं लागत नाही. लहानपणी पोटात कळ आली की आई बेंबीभोवती हिंगाचं पाणी चोळायची, आणि कळ थांबायची. शालूचं पोट दुखलं त्या दिवशी मी चिमूटभर जास्त घालायचो. पिवळी प्लास्टिकची डबी, बोटाने टोपण उडवायचं, चिमूट घ्यायची. तो वास उठला की मला वाटायचं, चला, आज काहीतरी केलं तिच्यासाठी.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. श्रावणात ती जिना न थांबता चढली आणि वर पोचल्यावर तिने मला हाक मारून सांगितलं. भाद्रपदात सुधारणा तिथेच अडकली. नवरात्रात पुन्हा पोट सुटलं. विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला गेलो तर ती पायऱ्यांपाशीच बसून राहिली, म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथूनच नमस्कार करते." शेतं कापणीला आली होती. हायवेच्या दोन्ही अंगांना बायका वाकून भात कापत होत्या आणि वर ऑक्टोबरचं ऊन. माझ्या शेजारी बसमध्ये ती डोळे मिटून बसली होती आणि तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी ते मुद्दाम धरून पाहिलं होतं.

दिवाळीच्या आधी दुसरा रिपोर्ट आला. वलसाडच्या डॉक्टरांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला. "क्यांक घउं जाय छे." कुठूनतरी गहू जातोय. ते तिला नाही, मला म्हणाले. त्या वाक्याने मला धरलंच. घरात तर मी गव्हाचा कण ठेवला नव्हता. म्हणजे जातोय तो घराबाहेर. म्हणजे शाळेत. मी कचेरीत करतो तसाच विचार केला. कागद जुळत नाही म्हणजे अर्जदार काहीतरी लपवतोय.

शेजारच्यांनी फराळाचं ताट आणलं होतं. लाडू-चिवडा मी खाल्ला, पण शंकरपाळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला, ऋता येईल तेव्हा देऊ म्हणून. ऋताला सुट्टी मिळाली नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या संध्याकाळी पाहतो तर फळीवर डबा नाही. शालू पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, वह्या तपासत होती. मी विचारलं, "शंकरपाळे कुठे गेले?"

"दिले."

"कुणाला?"

ती म्हणाली, "अहो, दिले ना कुणालातरी." थकलेली होती. दुसरं काही नव्हतं त्या आवाजात. पण मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. आणि मी बोललो. आवाज चढवून नाही, कचेरीतल्या आवाजात. म्हटलं, मी रोज बसमधून उतरून तुझ्यासाठी चुलीपुढे उभा राहतो, बाटल्या वाचतो, पपया किसतो, आणि तुला एक जीभ आवरत नाही. चोरून खायचं असेल तर खा, पण मग माझ्यापुढे पोट धरून बसू नकोस.

तिने लाल पेनला टोपण लावलं. म्हणाली, "तुम्हाला असं वाटतं?"

मी म्हटलं, "रिपोर्ट म्हणतोय."

ती पलंगावरून उतरली. वह्या उचलून आतल्या खोलीत गेली. त्या बुधवारी तिने ताट समोर घेतलं आणि सगळं संपवलं, मटणाच्या शेवटच्या पट्टीपर्यंत. मला वाटलं, हा तिचा कबुलीजबाब आहे. इतका मूर्ख होतो मी.

दोन दिवसांनी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर घेऊन सायवनला गेलो. तिला न सांगता. कारण काय सांगितलं असतं, पकडायला येतोय? रस्त्यात शेतं रिकामी झाली होती. खळ्यांवर भात झोडत होते, पेंढ्याची उडवी रचत होते. शाळेच्या मागे स्वयंपाकाची पडवी आहे. शालू वर्गात होती, तिचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज येत होता, सतराचा पाढा, मधेमधे खोकत. जमनीबाई भांडी घासत होती. मला ओळखून उठली, लुगड्याला हात पुसले. मी आडून विचारायचं ठरवलं होतं, पण ते मला जमत नाही. सरळच विचारलं, बाई इथे काय खातात?

"नागलीची भाकर. तुम्ही देता ती. आमच्यासंगं इथंच बसते."

"बिस्किट वगैरे? पोरांचा खाऊ?"

जमनीबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "खाऊच्या हातानं तिच्या डब्याला कुणी शिवलं तर आधी हात धू म्हणते. पोरांना रागावते. मागं कुणी बर्थडेचा केक आणला, ती पार तिकडं जाऊन उभी राहिली, झाडाखाली." मग म्हणाली, "दिवाळीचा डबा तिनं मला दिला. शंकरपाळ्यांचा. माझ्या नातवंडांनी खाल्ला. द्यायचा नव्हता का?"

मी म्हटलं, "नाही नाही, बरं केलं." वर्गात सतराचा पाढा संपून अठराचा सुरू झाला होता. मी शालूला न भेटता निघालो. स्कूटर सुरू करताना जमनीबाई म्हणाली, "साहेब, बाई लई वाळली. काहीतरी बघा." तेच बघतोय, असं म्हणालो मी तिला.

घरी आलो तेव्हा दुपार होती. सगळे डबे ओट्यावर काढले. आता अर्जदार निर्दोष होता, आणि त्रुटी माझ्याच दप्तरात होती. मीठ, तिखट, हळद, धने. तांदळाच्या पिठाची पिशवी. गूळ. चिंच. शेवटी ती पिवळी डबी. तिच्यावरचं कागदाचं लेबल तेलाच्या बोटांनी अर्धं पारदर्शक झालेलं. मी ती खिडकीपाशी नेली. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. याच क्रमाने. हिंग सगळ्यांत शेवटी. नंतर दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "असतोच साहेब मैदा, बांधायला. निव्वळ हिंग कोण खाऊ शकेल?" त्याला माहीत होतं. सगळ्या दुकानदारांना माहीत असतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं, हिंग म्हणजे हिंग.

चार महिने. दोन वेळचं वरण, ताक, आणि बुधवारचं मटण. तिचं पोट जेवढं जास्त दुखायचं तेवढा हिंग जास्त. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. रडलो वगैरे नाही, ते फार पुढे आलं. पहिल्यांदा काय मनात आलं ते लिहिणं भाग आहे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा मनात आलं, हे तिला कळता कामा नये.

त्या संध्याकाळी बुधवार नव्हता. साधं वरण केलं, जिऱ्याची फोडणी दिली. शालू शाळेतून आली, हातपाय धुतले, पाटावर बसली. वरणभात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबली. तिला वासावरून कळलं असणार. पंचवीस वर्षं आमच्या वरणात हिंग होता.

"आज हिंग नाही घातला?"

मी भाकरीकडे बघत म्हटलं, "संपलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी वर पाहिलंच नाही. मग ती म्हणाली, "मग आणू नका. असंच बरं लागतं." आणि जेवली.

तिला काय कळलं होतं, हे मला माहीत नाही. जमनीबाईने माझ्या फेरीबद्दल सांगितलं असणारच. ओट्यावर डब्यांच्या खुणा होत्या, मी पुसल्या नव्हत्या. तिने मला एक दार उघडून दिलं होतं असं आता वाटतं. मी आत गेलो नाही. पुढे बोलू, जरा बरी झाली की बोलू, असं करत राहिलो. ती बरी झाली नाही. थंडीत आतड्यात गाठ निघाली, मुंबईच्या फेऱ्या झाल्या, आणि होळीच्या आधी सगळं आटोपलं. शेवटच्या आठवड्यात तिला तांदळाची पेज लागायची. मी भरवताना ती प्रत्येक चमच्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि मगच तोंड उघडायची. ते साधंच असेल. आजारी माणसं बघतात तसं.

वर्षभराने मी वलसाडला एकटाच गेलो आणि त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना हिंगाचं विचारलं. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, फार वर्षांचं दुखणं होतं, उशिरा कळलं, एवढ्याशा हिंगाने झालं असं कुणी म्हणू शकत नाही. मी विचारलं, नाही झालं असं म्हणता येईल? ते म्हणाले, "ए पण न कहेवाय." तेही म्हणता येत नाही. सरळ माणूस. त्यांच्या जागी मी असतो तर नाही म्हणून टाकलं असतं.

आज बुधवार आहे. सलीमभाई आता न विचारता पट्ट्या कापतात. ढोबळी मिरची ओट्यावर आहे, जमनीबाईच्या अंगणातली पपईही आहे. ती अजून धाडते, कुणाच्या तरी हाती, निरोप नसतो. घरात गहू नाही. मला कसलाही आजार नाही, पण पोळी घशाखाली उतरत नाही. कढई धुरावली की हात सवयीने डाव्या बाजूला जातो, डबी असायची तिथे. डबी तिथे नाही. ती कचेरीत माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, लेबलासकट. लाल शाईने कुणाच्या अर्जावर लिहिण्याआधी कधीकधी खण उघडून बघतो. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, साहेब शिक्का शोधतायत.

लोकांच्या त्रुटी त्यांना लेखी कळवायच्या हे माझं काम. एकच कळवायची राहिली. मटण झालं आहे, गॅस बंद केला आहे, आणि ताट एकच घ्यायचं हे मी आजही वाढताना विसरलो. दुसरं ताट समोर आहे, तर त्यालाच सांगतो.

शालू, हिंग संपला नव्हता. तू काही चोरून खाल्लं नव्हतंस. मीच घालत होतो.